मोटिफ छान आहे गं, पण मधल्या जागेचं काय?

सबमिशन जवळ आलं की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर एकदम बदलतो, 'करिअर कसं निवडू'वरून थेट 'ताई, जॉइंट दिसतोय, काय करू'वर. यावेळी ठाणे, कळवा, ऐरोली, खारघर सगळीकडून हाताने रिपीट पॅटर्न, म्हणजे एकच चित्र (मोटिफ) असलेला चौकोन चारही बाजूंना परत परत जोडून होणारी नक्षी, काढण्याबद्दलच विचारलंय, म्हणून हा अंक त्यालाच दिला. काही पत्रं फार लांब होती, ती जरा कापलीयेत, रागावू नका.

प्रश्न: ताई, मी टेक्स्टाइल डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला २० बाय २० सेंमीचा हाफ ड्रॉप रिपीट हाताने करायचाय, पोस्टर कलर, सहाच रंग, कॉम्प्युटर अजिबात नाही. मी खाडीतले फ्लेमिंगो घेतलेत. एक फ्लेमिंगो एकदम मस्त आलाय, सगळ्यांना आवडला, पण चार रिपीट जोडून बघितले तर तिरक्या पट्ट्याच दिसतायत, गुलाबी पट्टा, मग पांढरा, मग परत गुलाबी, पक्षी दिसतच नाहीयेत. सर म्हणाले 'ट्रॅकिंग होतंय, बघ' आणि पुढच्या टेबलावर गेले. आणि खरं सांगू का, सीनिअर्स हेच फोटोशॉपमध्ये पाच मिनिटांत करतात, मग आम्ही हाताने का मरायचं?
— ऐरोली

उत्तर: दोन प्रश्न विचारलेस, आधी पट्ट्यांचं बघू, हाताने का ते त्यातूनच येईल.

हाफ ड्रॉपमध्ये शेजारचा कॉलम अर्ध्या उंचीने खाली सरकतो, एवढं तुला माहितीच आहे. आता पट्टी घेऊन मोज. तुझा रिपीट २० बाय २० चा, म्हणजे एका फ्लेमिंगोच्या बरोब्बर खाली दुसरा २० सेंमीवर, आणि बाजूच्या कॉलममधला २० सेंमी उजवीकडे आणि १० खाली, सरळ अंतर काढलंस तर साधारण २२.४ सेंमी. म्हणजे खालचा शेजारी आणि तिरका शेजारी जवळपास सारख्याच अंतरावर आहेत, मग डोळ्याने कुणाला कुणाशी जोडायचं हे तुझा मोटिफ ठरवणार. आणि फ्लेमिंगो कसा असतो बघ ना, वरच्या अर्ध्या भागात पोट, पंख, मान, सगळं वजन तिथे, आणि खालच्या अर्ध्यात नुसते दोन बारीक पाय. पायांच्या आजूबाजूला कोरा कागद. त्यामुळे रिपीट लावला की सगळी पोटं एका तिरक्या ओळीत येतात, सगळे पाय त्याच्या खालच्या तिरक्या ओळीत, झाले तुझे गुलाबी-पांढरे पट्टे. हाफ ड्रॉपमध्ये ही तिरपी ओळ दोन्हीकडे जाऊ शकते, डावीकडून उजवीकडे उतरती किंवा चढती, पण मान ज्या बाजूला झुकलेली असते ती दिशा जिंकते. कोनमापक लावून बघ, आडव्या रेषेपासून पट्टा साधारण २७ अंशांवर निघेल. सर बरोबरच बोलले, अशा नको असलेल्या ओळी दिसणं म्हणजेच ट्रॅकिंग, फक्त टेबलापाशी दोन मिनिटं थांबले असते तर बरं झालं असतं.

आता करायचं काय. रंग बाजूला ठेव आधी. फ्लेमिंगो बटर पेपरवर ट्रेस कर, डोळा नको, पिसं नको, आतलं सगळं सोडून नुसता काळा भर. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून ५० टक्क्यांवर नऊ कॉप्या काढून आण, तीन कॉलम लाव, मधला अर्धा खाली सरकव, आणि मास्किंग टेपने भिंतीला लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा. (ऐरोलीच्या वन बीएचकेत दुसरं टोक म्हणजे किचन, चालेल, तिथून बघ.) डोळे किलकिले कर म्हणजे पक्षी पुसट होतील आणि वजन तेवढं उरेल. चार रिपीटमध्ये हे अर्धवटच कळतं, नऊ हवेतच.

आणि बघताना काळं बघू नकोस, पांढरं बघ. आपल्याकडे दुसऱ्या वर्षाला प्रत्येकजण मोटिफवर जीव टाकतो, पाकळीच्या आत पाकळी, पिसाच्या आत रेघ, आणि मोटिफ झाला की पॅटर्न झालाच असं धरून चालतो. कापड लांबून बघणाऱ्याला तुझा मोटिफ नंतर दिसतो, आधी दिसतात त्या मधल्या रिकाम्या जागा आणि त्या एकमेकींना कुठे जाऊन मिळतात ते. म्हणून भिंतीवरच्या झेरॉक्सवर पांढऱ्याचा रस्ता पेन्सिलने आख, कुठून आत शिरतो, कुठून बाहेर पडतो. सगळ्यात रुंद होतो ती जागा पकड. बहुतेक मुलं तिथे एखादं छोटं फूल नाहीतर ठिपका टाकून मोकळी होतात, मग तो ठिपकाही प्रत्येक रिपीटमध्ये त्याच जागी येऊन ओळीने उभा राहतो आणि दोनाच्या तीन पट्ट्या होतात. रस्ता अडवायचा तर त्याला आडवं जाणारं काहीतरी पाहिजे. खाडीतच आहे की, तिवराची पानं घे, चिखलातून उभी वर आलेली तिवराची मुळं घे, पायांच्या मधून फांदी आडवी जाऊ दे, ती एका रिपीटच्या कडेतून बाहेर पडून शेजारच्यात घुसू दे.

त्याहून सोपा उपाय पक्ष्यातच आहे. फ्लेमिंगो खाताना मान पार खाली घालतो, डोकं उलटं करून चोच पाण्यात. असा एक चरणारा पक्षी काढ, त्याची मान आणि डोकं पायांपाशी येईल, म्हणजे गुलाबी रंग खालच्या अर्ध्यात आपोआप उतरला. एका रिपीटमध्ये एक उभा, एक चरणारा, दोघांची तोंडं दोन बाजूंना. माझ्या मते तुझं निम्मं काम इथेच होईल.

अजून एक मांडणी सांगते, या असाइनमेंटला चालणार नाही कारण ही मांडणी सरळ रिपीट म्हणून, म्हणजे शेजारचा कॉलम न सरकवता, जोडावी लागते, पण पुढे उपयोगी पडेल. २० सेंमीच्या चौकोनात ४-४ सेंमीची २५ घरं पाड. प्रत्येक आडव्या ओळीत एकच मोटिफ, प्रत्येक उभ्या ओळीतही एकच: पहिल्या ओळीत १ ल्या घरात, दुसरीत ३ ऱ्या, तिसरीत ५ व्या, चौथीत २ ऱ्या, पाचवीत ४ थ्या. विव्हिंगच्या तासाला पाच धाग्यांचं सॅटिन ग्राफवर काढलं असशील तर लगेच ओळखशील, तेच हे. पाचही मोटिफ पाच वेगवेगळ्या दिशांना वळवलेस तर डोळ्याला ओळ सापडत नाही, सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे केलेस तर मात्र इथेही सापडते.

हां, आणि तुझे पक्षी सगळे डोकं वर असलेले आहेत, म्हणजे हे वन-वे डिझाइन झालं. शिवणाऱ्याला सगळे भाग एकाच दिशेने कापावे लागतात, कापड जास्त जातं. म्हणून पक्षी उलटे टांगू नकोस, पण ज्युरीसमोर हे स्वतःहून बोल, बरं दिसतं.

आता सीनिअर्सचं. फोटोशॉपमध्ये ऑफसेट नावाचा फिल्टर आहे, अर्धी रुंदी आणि अर्धी उंची टाकली की चारही कडा मध्ये येतात, तुम्ही कात्रीने करता तेच. त्यांची पाच मिनिटं जातात ते जॉइंट लपवण्यात. पट्ट्या त्यांच्याही असतात गं, झूम करून एकच टाइल, म्हणजे एकच रिपीट, बघत बसलं की दिसत नाहीत इतकंच, आणि मग प्रिंट आउट भिंतीला लागल्यावर चेहरे पडतात. हाताच्या कामात काही पवित्र असतं वगैरे मी मानत नाही, कॉम्प्युटर वापरायचाच आहे पुढे. पण हाताने करताना प्रत्येक मोटिफ परत परत ट्रेस करावा लागतो, आणि त्या कंटाळवाण्या वेळात तुझी नजर नाइलाजाने मधल्या जागांवर फिरत राहते. सहा रंगांचंही तसंच. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळा स्क्रीन लागतो, सातवा रंग म्हणजे सातवा स्क्रीन, त्याचा वेगळा खर्च. स्वतः सहा वाट्यांत रंग कालवून बसलीस की सातव्या गुलाबीचा मोह आपोआप कमी होतो, स्क्रीनवर तो एका क्लिकवर असतो म्हणून कळत नाही.

प्रश्न: ताई, कागद कापून रिपीट करायची मेथड सरळ रिपीटला जमते, हाफ ड्रॉपला प्रत्येक वेळी गोंधळ होतो. कुठला तुकडा कुठे जातो ते एकदा नीट सांगा ना प्लीज. यूट्यूबवर सगळे फास्ट फॉरवर्डमध्ये दाखवतात.
— कळवा

उत्तर: कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलने नावं घाल म्हणजे गोंधळच नको. समोरून बघताना वर डावा अ, वर उजवा आ, खाली डावा इ, खाली उजवा ई. (मागे लिहिताना डावं-उजवं उलटं होतं, तिथेच निम्मे लोक फसतात, कागद उजेडाला धरून लिही.) चित्र मध्यभागी काढायचं आणि चारही कडांना अजिबात टेकवायचं नाही, ही पहिली अट.

सरळ रिपीटला उभा मधोमध कापतोस, डावं-उजवं बदलतोस, मग आडवा कापून वर-खाली बदलतोस. शेवटी वरच्या रांगेत ई, इ आणि खालच्या रांगेत आ, अ. मध्ये जी मोठी रिकामी जागा तयार झाली ती भरायची.

हाफ ड्रॉपला उभा कापून डावं-उजवं बदललंस की थांब. आता उजवीकडे आलेली जी पट्टी आहे, अ वर आणि इ खाली असलेली, ती अख्खी अर्ध्या उंचीने खाली सरकव आणि मागून टेप लाव. खाली इ लोंबत राहील, वर तेवढीच जागा रिकामी राहील. लोंबणारा इ कापून त्या वरच्या जागेत बसव. म्हणजे वरच्या रांगेत आ, इ आणि खालच्या रांगेत ई, अ. बस, एवढंच आहे ते.

आता मधल्या उभ्या सांध्यावर बिनधास्त काढ. उजव्या पट्टीत इ आणि अ यांच्यामध्ये जो आडवा सांधा आलाय त्याच्यावरही काढ. डाव्या पट्टीत मात्र वरची आणि खालची कड अजून उघडीच आहे, तिथे रेघ बाहेर नेलीस तर ती जुळणार नाही. तिथेही काढायचं असेल तर डावी पट्टी सुटी करून तीही आ-ई अशी वर-खाली बदल, भर, आणि परत जागेवर आण. हे शेवटचं पाऊल बहुतेक व्हिडिओंत गाळलेलंच असतं, म्हणून त्यांच्या डिझाइनमध्ये एकाआड एक कॉलमला आडवी भेग दिसते.

कात्री वापरू नकोस, कटर आणि स्टीलची पट्टी घे, टेप फक्त मागून लाव. कापताना कागद अर्धा मिलिमीटर जरी तिरका गेला तरी नवव्या रिपीटपर्यंत तो फरक साठत जातो. आणि फायनल गेटवे शीटवर (जाड ट्रेसिंग पेपरवर) जाण्याआधी चारही कोपरे गुण्याने तपास, ९० अंश म्हणजे ९०.

प्रश्न: मॅडम, माझी मुलगी डिझाइन शिकते. कागद, रंग, ब्रश यांवर महिन्याला बराच खर्च होतो, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तेच तेच फूल परत परत काढत बसलेली असते. ऑफिसमधले म्हणतात हे सगळं आता एआय करतं. मी अकाउंट्समधला माणूस, मला यातलं काही कळत नाही. कॉलेज मुलांचा वेळ घालवतंय का?
— एक पालक, पाचपाखाडी

उत्तर: नमस्कार. तुम्ही अकाउंट्समधले आहात म्हणजे समजावणं सोपं आहे. टॅली आलं म्हणून डेबिट-क्रेडिट शिकवणं कुणी बंद केलं नाही, कारण आकडा चुकला तर कुठे चुकला हे माणसालाच शोधावं लागतं. इथेही तसंच आहे.

एआय देखणं चित्र काढून देतं, वाद नाही. पण ते चित्र कापडावर जायचं तर त्याच्या कडा एकमेकींना जुळाव्या लागतात, रंग मोजके असावे लागतात आणि माप मशीनला बसावं लागतं. मापाचंच बघा. मिलमध्ये जे रोटरी स्क्रीन प्रिंटिंग चालतं त्यात डिझाइन एका गोल फिरणाऱ्या नळीवर असतं, आणि त्या नळीचा सर्वसाधारण घेर ६४ सेंमी असतो. म्हणजे रिपीटची उंची ६४ ला पूर्ण भाग जाईल अशीच हवी, ६४, ३२, २१.३३, १६, १२.८ अशी. २० सेंमीचा रिपीट, जो आपली कॉलेजं सर्रास देतात, तो तसाच्या तसा या मशीनवर बसत नाही, वाढवून २१.३३ नाहीतर कमी करून १६ करावा लागतो, आणि तसं करताना मधल्या जागा परत बघाव्या लागतात. (कॉलेजं २१.३३ का देत नाहीत हा माझाही जुना प्रश्न आहे.) डिजिटल प्रिंटिंगला रंगांची आणि मापाची ही बंधनं नाहीत हे खरं, पण पट्ट्या पडायच्या त्या तिथेही पडतातच, आणि त्या ओळखून बाजूला काढणारी नजर ज्याच्याकडे आहे त्याला काम मिळतं. कापड, वॉलपेपर, टाइल्स, गिफ्ट पेपर, बॅगा, जिथे जिथे नक्षी परत परत येते तिथे.

खर्चाचं मात्र तुमचं म्हणणं योग्य आहे. सराव चांगल्या शीटवर करायचा नसतो. झेरॉक्सच्या दुकानातले एका बाजूने वाया गेलेले कागद आणून द्या, फक्त फायनल महाग शीटवर. रंगांचे बारा-बारा बाटल्यांचे सेट घेण्यापेक्षा पांढरा मोठ्या बाटलीत, आणि लाल, पिवळा, निळा, काळा सुटे, बाकी तिने कालवायचे. आणि रात्री दोनपर्यंतचं जागरण कॉलेजने सांगितलेलं नसतं, पहिले आठवडे गप्पांत गेलेले असतात. हे तिला माझं नाव सांगून बोललात तरी चालेल.

प्रश्न: ताई, मी सदाफुली घेतलीय. पाच पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला पुढचं फूल टेकवून सगळीकडे सारखं पसरणारं जाळं करायचंय. आठवडाभर करतोय, कुठेतरी फट राहते नाहीतर फुलं एकमेकांवर चढतात. माझ्या मापात काय चुकतंय?
— खारघर

उत्तर: तुझ्या मापात काही चुकत नाहीये, ते जाळं होणारच नाही. समान बाजूंचे आणि समान कोनांचे पंचकोन एका बिंदूभोवती लावून बघ, पंचकोनाचा कोन १०८ अंशांचा, तीन लावले तर ३२४ होतात आणि ३६ अंशांची फट उरते, चार लावायला गेलास तर ४३२, म्हणजे एकमेकांवर चढणार. तुला आठवडाभर दिसतंय ते हेच. त्रिकोण ६० चा, चौकोन ९० चा, षटकोन १२० चा, हे तिन्ही ३६० मध्ये पूर्ण जातात म्हणून त्यांची जाळी बसते.

परत परत येणाऱ्या सपाट नक्षीत फिरवण्याचे प्रकार फक्त दोन, तीन, चार आणि सहा घड्यांचेच (म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात तितक्या वेळा नक्षी जशीच्या तशी दिसते) असू शकतात, पाच नाही, आणि फिरवणं, आरसा, सरकणं असं सगळं धरून असे एकूण १७ च प्रकार होतात. येवगेनी फेदोरोव्ह या रशियन माणसाने हे १८९१ मध्ये सिद्ध केलं, तो स्फटिकांचा अभ्यास करत होता, नक्षीचा नाही. म्हणजे जगातला कुठलाही वॉलपेपर, कुठलीही साडी, कुठलीही टाइल घे, त्यावरची चहूकडे परत परत येणारी नक्षी त्या १७ पैकी एकात बसणार. मला हे अजूनही जरा अविश्वसनीय वाटतं.

पण याचा अर्थ सदाफुली वापरायची नाही असा नाही हं. फूल पाच पाकळ्यांचंच ठेव, फक्त पाकळ्यांनी जाळं विणायचा हट्ट सोड. फुलं चौकोनी किंवा हाफ ड्रॉपच्या जागांवर ठेव, प्रत्येक फूल थोडं वेगळं फिरव, आणि जोडायचं काम देठांना आणि पानांना दे. जाळंच हवं असेल तर तामण घे, आपलं राज्यफूल, साधारण सहा पाकळ्या असतात, साठ अंशांवर आरामात बसेल.

प्रश्न: नमस्कार ताई, मी विद्यार्थिनी नाही, ५८ वर्षांची गृहिणी आहे. ठिपक्यांची रांगोळी आयुष्यभर काढत आले. आता लाकडी ब्लॉक आणून टेबलक्लॉथ आणि ओढण्या छापायला घेतल्यात, पण ब्लॉकची ओळ वाकडी जाते, शेवटाला तर अर्धाच ब्लॉक बसतो. तुमच्या त्या रिपीटचं मला काही शिकता येईल का?
— नौपाडा

उत्तर: काकू, तुम्हाला ते येतंय, फक्त कापडावर ठिपके काढायचं राहिलंय. रांगोळीत ७, ५, ३, १ असे प्रत्येक ओळीत दोन-दोन कमी होत जाणारे ठिपके असतात तेव्हा ठिपके एकाखाली एक सरळ येतात, आणि '१५ ते ८' म्हटलं की ओळीत एकेक कमी होतो, म्हणजे पुढच्या ओळीचा ठिपका आधीच्या दोघांच्या मध्ये. पहिला आमचा सरळ रिपीट. दुसऱ्याला, एकाआड एक ओळ अर्ध्या अंतराने आडवी सरकते म्हणून, आम्ही ब्रिक म्हणतो, आणि तोच कापड आडवं फिरवून बघितला की हाफ ड्रॉप. आमची मुलं यावर अख्खं सेमिस्टर घालवतात.

तर कापड आधी धुऊन खळ काढा आणि इस्त्री करा. टेबलावर जुनी चादर किंवा ब्लँकेट घडी घालून त्यावर कापड ताणून पिना लावा, खाली मऊ असलं की ब्लॉक सगळीकडे सारखा उठतो. मग कापडाची मधली उभी आणि मधली आडवी रेघ टेलरच्या खडूने आखा आणि मोजणी तिथून दोन्ही बाजूंना करा, कडेपासून करू नका, शेवटी अर्धा ब्लॉक उरतो तो त्यामुळेच. मधून मोजलं की उरलेली जागा दोन्ही कडांना सारखी येते, तिथे काठाचा वेगळा ब्लॉक लावता येतो. ठिपके मधल्या ठिपक्यांच्या पद्धतीने हवे असतील आणि तिन्ही बाजूंनी अंतर सारखं दिसायला हवं असेल, तर ओळींमधलं अंतर ठिपक्यांमधल्या अंतरापेक्षा जरा कमी लागतं, ठिपके १० सेंमीवर असतील तर ओळी ८.७ सेंमीवर.

छापताना ब्लॉकचा मध्य ठिपक्यावर येतोय का ते वरून दिसत नाही, म्हणून ब्लॉकच्या बाजूंवर चारही मध्यांना पेनने खुणा करा आणि त्या खडूच्या रेघांना जुळवा. जयपूरजवळच्या सांगानेर-बगरूचे छापणारे रेघा आखत बसत नाहीत, त्यांच्या ब्लॉकच्या कोपऱ्याला बारीक खूण असते, ती आधीच्या छापाच्या खुणेवर टेकवून पुढे जातात, पण तो हात बसायला वर्षं लागतात, आपण खडूच वापरू. आणि दोन ब्लॉकच्या मधली जागा ब्लॉकएवढीच मोकळी सोडू नका. एकतर बरीच कमी ठेवा नाहीतर सरळ जास्त, सारखी झाली की बुद्धिबळाचा पट दिसायला लागतो. एखादी ओढणी झाली की फोटो पाठवा, बघायला आवडेल.

प्रश्न: पोस्टर कलरचे पॅच दिसतात, फ्लॅट येतच नाही. आणि एकच रंग दुसऱ्या दिवशी कालवला की वेगळाच होतो!!
— वर्तकनगर

उत्तर: दुसऱ्या दिवशी कालवूच नकोस. एका रंगाला लागणार त्याच्या दुप्पट एकदाच कालव आणि झाकणाच्या छोट्या डबीत ठेव. पाणी एवढंच, की ब्रश उचलल्यावर थेंब सावकाश सुटला पाहिजे, धार लागली तर पातळ झाला. पहिला हात एका दिशेने चपट्या ब्रशने, पूर्ण वाळू दे, दुसरा हात आडवा. अर्धवट ओल्यावर परत ब्रश फिरवलास की पॅच पडलाच समज. शेड ओली असताना ठरवायची नाही, हलके रंग वाळल्यावर किंचित गडद होतात आणि गडद रंग किंचित फिके पडतात, कागदाच्या तुकड्यावर लावून पंख्याखाली धर आणि मग ठरव. पावसाळ्यात हेअर ड्रायर, दुसरा इलाज नाही.

प्रश्न: पॅटर्न बघायला कुठे जाऊ? पिंटरेस्ट बघून बघून सगळं एकसारखंच वाटायला लागलंय.
— नेरूळ

उत्तर: पिंटरेस्टवर एकच टाइल दिसते, तेच दुखणं आहे. बेलापूरला अर्बन हाटमध्ये हस्तकलांची प्रदर्शनं लागतात, ब्लॉक प्रिंटवाले आले की त्यांच्याकडचे ब्लॉक उलटे करून बघ, खुणेचे कोपरे दिसतील. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये सुरू झालेलं आहे, वस्तू राहू दे, छत आणि रेलिंगच बघत बस, बुधवार सोडून जा. फोर्टला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुनं कापड बघायला मिळतं. अजिंठ्याला कधी गेलीस तर पहिल्या आणि दुसऱ्या लेण्यात मान वर करायला विसरू नकोस, छत चौकटी-चौकटींत वाटलेलं आहे आणि चौकटींत कमळं, फळं, पक्षी, पण सारखं सारखं वाटत असलं तरी ते छापाचं नाही, हाताचं आहे, तिथे रिपीट कुठे मोडलाय ते शोधायला मजा येते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी त्यांचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली १८७२ पासून अजिंठ्यातल्या चित्रांच्या नकला केल्या होत्या, त्यात ही छतंही होती.

आणि एवढं लांब नको असेल तर ट्रान्स हार्बरने ठाण्याला ये, राम मारुती रोडवर साडीच्या दुकानात आईबरोबर जा. पैठणीचा नारळी काठ, इरकलचा काठ, खणातली बारीक नक्षी, एकेक घेऊन बघ की रिपीट कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, आणि उंची किती आहे ते लगेच वहीत लिही, कारण फोटोत माप येत नाही. फक्त दुकानात टेप काढू नकोस, दुकानदार आधीच चार साड्या उलगडून वैतागलेला असतो, वितीने मोज.